आमचे कॅन्डिड फोटोवाले

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या फोटोवाल्यांइतका मोकळा माणूस अख्ख्या पुण्यात नाही. हे मी कौतुकाने म्हणते असं कुणी समजू नये. पुण्यात स्पष्ट बोलणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती. दूध आलं का एवढं विचारलं तरी दुकानदार आपली अक्कल काढतो. पण बाकीचे सगळे दुसऱ्याबद्दल स्पष्ट बोलतात, फोटोवाले स्वतःबद्दल बोलतात. त्यांचा स्टुडिओ होता तेव्हा कुणी लग्नाचं काम घेऊन आलं की हे आधी सांगायचे, "मला उंच माणसांचे फोटो नीट जमत नाहीत. मी बुटका आहे, खालून काढतो, त्यांच्या नाकपुड्याच येतात. चौकात दुसरा एक जण आहे, तो उंच आहे. पण तो फार वेळ हसायला लावतो." अशाने निम्मी गिऱ्हाइकं चौकात जायची. उरलेली निम्मी, माणूस खरा दिसतोय म्हणून थांबायची आणि नाकपुड्या घेऊन घरी जायची.

मी चौथी शिकलेली. चाळीस वर्षं मंगल कार्यालयांच्या भटारखान्यात काढली. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्टुलावर बसून पोळ्या लाटते आणि पोरींना ओरडते. फोटोवाले माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आमची ओळख भांडणातून झाली. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मचे रोल असायचे. एका लग्नात पंगती उठल्यावर मी चार लाडू पदरात बांधत होते आणि समोर खटका वाजला. लाडू उरलेले होते, आचाऱ्यानेच घेऊन जा म्हटलं होतं, पण ते काही फोटोत दिसत नाही. मी झारा घेऊन यांच्या अंगावर गेले. हे पळाले नाहीत. म्हणाले, "मावशी, आज दिवसभरात एवढा आनंदी चेहरा दुसरा दिसला नाही. नवरासुद्धा इतका खूश नव्हता." पुढच्या आठवड्यात फोटो घरी आणून दिला. मी तो त्यांच्यादेखत फाडला आणि त्यांना चहा दिला. तेव्हापासून चहाला येतात ते आजतागायत.

कॅन्डिड हा शब्द आमच्या इमारतीत आला तो त्यांच्या मुलीमुळे. फोटो मोबाइलवर निघायला लागले, स्टुडिओ बंद पडला. मुलीने मात्र मोठा कॅमेरा घेतला, लग्नाची कामं धरली आणि कार्डावर छापलं, कॅन्डिड फोटोग्राफी. फोटोवाल्यांनी बुधवार पेठेत जाऊन एक जुनी जाडजूड डिक्शनरी विकत आणली आणि ती काखोटीला मारून थेट माझ्या स्वयंपाकघरात आले.

"मावशी, या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, मनात आहे ते आडपडदा न ठेवता बोलणारा. दुसरा, माणसाला सावध न करता काढलेला फोटो."

"म्हणजे एकात तोंड उघडायचं आणि दुसऱ्यात बंद ठेवायचं," मी म्हटलं.

"आणि दोन्हींत मार खायचा. पण मुळातला अर्थ फार छान आहे बघा. शुभ्र. पांढरा."

"पांढऱ्यावर डाग लवकर दिसतात."

"म्हणूनच तो प्रामाणिक," असं म्हणून त्यांनी डिक्शनरी मिटली. तिच्यावर पिठाची बोटं उठली ती तशीच राहिली.

खरं सांगायचं तर हा माणूस जन्मभर कॅन्डिडच काढत आला होता, फक्त त्याला नाव नव्हतं. नाव नव्हतं तोवर लोक त्याला 'फोटो बिघडला' म्हणायचे. पासपोर्टचा फोटो काढायलाही हे गिऱ्हाइकाला सरळ बसू द्यायचे नाहीत. एकदा एक रिटायर साहेब मान ताठ करून बसले. यांनी विचारलं, "आता घरी आरडाओरडा कुणावर करता?" साहेब भडकले आणि खटका वाजला. तो फोटो सरकारने परत पाठवला, पण साहेबांच्या बायकोने त्याच्या दोन कॉप्या करून नेल्या. नाव मिळाल्यावर हेच सगळं लोक मागून घ्यायला लागले. मागतात, पण त्यांना ते सोसत नाही. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं यांना धरणाकाठी घेऊन गेलं. मुलगा म्हणाला, "अंकल, आम्ही तुमच्याकडे लक्ष नसल्यासारखं करतो, तुम्ही आम्हाला न सांगितल्यासारखं काढा." हे म्हणाले, "बरं. मग मी न काढल्यासारखं काढतो." दोघं आभाळाकडे बघून तासभर हसत राहिली. आभाळात काहीही नव्हतं. शेवटी मुलीच्या पायाला मुंगी चावली आणि ती मुलाच्या खांद्याला धरून एका पायावर नाचली, तेवढा एकच फोटो यांनी मनापासून काढला. त्यांना तो आवडला नाही.

अशा दोन-तीन तक्रारी झाल्यावर मुलीने बापाला समोर बसवलं. मी तेव्हा चकल्या द्यायला खाली गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"बाबा, कॅन्डिड मी काढीन. तू स्टेजवर एका जागी उभं राहायचंस. अंतरपाट सरला, हार घातले, सप्तपदी झाली. एवढं जरी नीट आलं तरी लोक खूश असतात. आणि एवढं जरी हुकलं ना, तर मला पुढे कुणी बोलावणार नाही. मग तू घरी बसायचं. मी रागाने बोलत नाहीये."

"घरी बसून मी काय करू?"

"ते मला नको विचारू. जागा सोडू नकोस म्हणजे झालं."

फोटोवाल्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. लग्नाचं काम असलं की हे पहाटे उठून दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. काम नसलं की दुपारपर्यंत बनियनवर. त्यामुळे घरी बसायचं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पुढचे दोन महिने ते स्टेजवर खांबासारखे उभे राहिले. मुंगी चावली असती तरी हलले नसते.

मग कात्रजच्या बाजूच्या एका कार्यालयातलं ते लग्न आलं. पोळ्यांना मी होते. नवरीची आजी जुन्या वळणाची. हल्ली बहुतेक आया पुढे उभं राहून मुलीचं लग्न बघतात, पण या आजीने बजावलं होतं की मुलीच्या आईने मुहूर्त बघायचा नाही, तुळशीला पाणी घालत बसायचं. कार्यालयातली तुळस होती भटारखान्याच्या मागच्या दाराशी, तेलाच्या रिकाम्या डब्यांशेजारी. तिथे ती बाई पैठणी नेसून स्टुलावर येऊन बसली. सकाळपासून उपाशी. एका हातात तांब्या, दुसऱ्या मुठीत अक्षता, कुणी तरी येता-जाता दिल्या असाव्यात. मंगलाष्टकं लाउडस्पीकरवरून ऐकू येत होती. गाणाऱ्या आत्याबाई बेसूर होत्या. बाई म्हणाली, "ही आमची नणंद. हिला नको म्हटलं तरी गाते." मी म्हटलं, "पाणी थोडं थोडं घाला, तुळस कुजेल."

तेवढ्यात मागच्या बाजूला काही हललं म्हणून मी बघितलं तर पाण्याच्या पिंपाआड फोटोवाले. स्टेजवर मुहूर्त लागतोय आणि हा माणूस इथे. मी हाताने जा जा म्हणून खुणा केल्या. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, आणि ती बाई ताडकन उभी राहिली. तिने मूठ उघडून सगळ्या अक्षता भिंतीकडे, म्हणजे भिंतीपलीकडे लेक होती तिकडे, जोर लावून फेकल्या. पोहोचणार कुठे? निम्म्या माझ्या शेजारच्या मसालेभाताच्या पातेल्यात पडल्या. तांदळात तांदूळ, मी डावाने ढवळून टाकल्या. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, लागलं लग्न. आता एक जिलबी द्या, गरम असेल ती." ती तिने डोळे मिटून खाल्ली.

पंगती उठल्या आणि व्हायचं ते झालं. आम्ही भटारखान्यातल्या बायका जेवायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, हार घालतानाचा फोटो आत्ताच दाखवा, गावी पाठवायचा आहे. मुलीने बापाच्या कॅमेऱ्यात शोधलं. पुढे गेली, मागे गेली. तिचा चेहरा उतरला. पण पोरगी हुशार. लगेच म्हणाली, "काका, कार्ड करप्ट झालंय. देते मी रिकव्हरीला, येईल परत."

मीही तेच सांगितलं असतं. कोणत्याही शहाण्या माणसाने तेच सांगितलं असतं.

"कार्डाला काही झालेलं नाही," फोटोवाले म्हणाले.

"मग काय झालंय?"

"मी तिथे नव्हतो."

व्याह्यांना हे पटेना. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. "पोट बिघडलं होतं का तुमचं?"

"नाही. तसं असतं तर तसं सांगितलं असतं. पाचव्या मंगलाष्टकाला नवरीने मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. ती कुणाला शोधतेय म्हणून मी बघायला गेलो. तिची आई होती. मग मला परत येववलं नाही. हार हुकला. मुहूर्त काही परत लागत नाही. बोलायचं ते मला बोला. पोरीने मला जागा सोडू नको म्हणून चारदा सांगितलं होतं."

व्याही बोलले. चांगलं दहा मिनिटं बोलले, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. फोटोवाले मान खाली घालून ऐकत होते. त्यांची मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती रडत होती हे मला तिच्या पाठीवरून कळलं. शेवटी नवरीच्या आईनेच कॅमेरा मागितला. त्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला.

"माझी पदराची पिन सुटलीये," ती म्हणाली.

नवरी वाकून बघायला लागली. फोटोत तिची आई टाचा उचलून उभी, हात वर, अक्षता हवेत, आणि कोपऱ्यात मी, तोंड उघडं टाकून. नवरी म्हणाली, "आई, हे तू तिकडे करत होतीस? मला वाटलं तू रडत असशील."

"रडायला काय झालंय? भूक लागली होती."

नवरी हसायला लागली आणि हसता हसता आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. व्याह्यांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. पुढे पाहुण्यांच्या मोबाइलमधून हार घालतानाचा एक बरा फोटो निघाला. त्यात मधोमध एका मामांचं टक्कल आहे, पण तो अल्बममध्ये लागला.

एवढ्याने गोड शेवट झाला नाही. मुलीने बापाला सांगितलं, बाबा, आता बास. ते घरी बसले, बनियनवर. चहाला यायचे पण डिक्शनरीतलं काही सांगायचे नाहीत. मी म्हटलं, "कार्ड बिघडलं म्हणाला असतात तर?" ते म्हणाले, "मग पोरीचं छापलेलं कार्ड बिघडलं असतं. आत्ता फक्त बापच बिघडलाय." दीड महिना असा गेला. मग एके दिवशी खालून मुलीचा आवाज आला म्हणून मी जिन्यात थांबले. त्या नवरीची मैत्रीण लग्न करत होती आणि तिला आपल्या आईचा तसा फोटो हवा होता. हार-बिर काय, ते दुसरं कुणीही काढेल म्हणाली.

"स्टेजवर माणूस ठेवलाय मी," मुलगी सांगत होती. "मुहूर्ताला तू आईपाशी थांबायचंस. पण विचारून काढायचा."

"विचारून काढला तर तो कॅन्डिड कसला?"

"मग काढल्यावर विचार. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाकायचा. कबूल?"

"कबूल."

आता लग्नसराईत मी पोळपाट मांडला की मागच्या दारी इस्त्रीचा शर्ट दिसतो. आया काय काय करतात ते मला नव्याने कळलं. एक जपमाळ ओढते, एक केटररशी श्रीखंडावरून भांडते. आया पुढे स्टेजजवळ उभ्या असल्या तर फोटोवाले त्यांच्यामागे जाऊन उभे राहतात. लोणी काळभोरच्या एका लग्नात आईने फोटो बघितला आणि पुसा म्हणाली. यांनी तिथल्या तिथे पुसला. त्यात काय होतं ते मी चारदा विचारलं. स्वतःच्या बुटकेपणापासून सगळं जगाला सांगणारा माणूस, पण ते काही केल्या सांगत नाही. "ते तिचं आहे," एवढंच म्हणतो.

परवा चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "मावशी, तुमच्या लग्नात तुमची आई काय करत होती?"

मला ते ठाऊक नाही. मी सतरा वर्षांची होते, मान खाली घालून उभी होते, आणि नंतर कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. मी म्हटलं, "भाकऱ्या थापत असेल, दुसरं काय. वऱ्हाड उपाशी होतं."

"मी असतो तर फोटो काढला असता."

"तुम्ही तेव्हा चड्डीत फिरत होतात."

"तरी काढला असता," ते म्हणाले, आणि कप पुढे केला. मी त्यात अजून थोडा चहा ओतला.