पोथीतली खार

तन्वी, ईशान,

हे व्हिडिओ कॉलवर सांगता आलं असतं, पण तिथे तुम्ही मधेच हसता आणि मग मीही हसते. गेल्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली, तर खिडकीच्या पडद्याचा निळा एकदम लख्ख... इतकी वर्षं तो मला राखाडी दिसत होता. तो निळा बघून द्वारकेची पोथी आठवली. डोळे धड आहेत तोवर लिहून ठेवते.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. जुन्या सचित्र पोथ्यांचा अभ्यास हे माझं काम. जे दिसतं तेवढंच नोंदवायचं, ही त्यातली शिस्त.

नव्वदीची मधली वर्षं. दिल्लीच्या द्वारका उपनगरात तेव्हा मेट्रो नव्हती. निम्म्या सोसायट्या बांधून रिकाम्या, पाणी टँकरचं. जुन्या दिल्लीतलं घर सोडून एक जैन कुटुंब तिथल्या फ्लॅटमध्ये आलं होतं. त्यांच्याकडे पंधराव्या शतकातली पोथी होती — सुटी कागदी पानं, लाल-निळ्या जमिनीवर सोन्याची चित्रं. पण जुन्या घरात कधीतरी पाणी शिरलं होतं आणि निम्मी पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. खंडित पोथी घरात ठेवू नये, म्हणून ती वीट रविवारी यमुनेत सोडायचं घरातल्या वयस्क बाईंनी, मांजींनी, ठरवलं होतं. टाकून द्यायची म्हणून नव्हे, मान म्हणूनच. मला बोलावलं होतं ते फक्त सुट्या पानांची माहिती लिहायला. आतली चित्रं कायमची जाणार, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. बोलून बघितलं.

"बेटी, टूटी हुई चीज़ को विदा करते हैं," मांजी म्हणाल्या. विषय संपला.

आमच्या कामात मजकूर वाचण्याआधी चित्र पेन्सिलीने उतरवून घेतात. आधी वाचलं की डोळा वाचलेलंच बघतो. विटेवरून सुटलेल्या शेवटच्या पानावर झोपलेली राणी होती. पलंगाच्या पायाशी रंग पार उडालेला, कोरा कागद. भर दुपारी, बाल्कनीच्या उजेडात मी ते उतरवलं. घरी तुमच्या आजोबांनी कागद हातात घेतला.

"हा उंदीर कशाला?"

"कुठला उंदीर?"

पलंगाच्या पायाशी, जिथे काहीच नव्हतं तिथे, मी एक प्राणी काढला होता. पाठीवर पट्टे, पुढचे पाय पलंगाच्या खुराला टेकलेले. शेपूट नाही. काढल्याचं मला आठवत नव्हतं.

"डबा न खाता बसलीस की असंच होणार," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चूक सुधारायला मूळ पान पुन्हा समोर घेतलं. कोराच कागद. मी रबर उचललं... तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मांजींनी माझा हात धरला.

"ये गिलहरी आपको किसने बताई?"

ज्ञानपंचमीला जैन घरांत पोथ्या बाहेर काढून पूजतात. मांजी लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूने त्यांच्यासमोर हे चित्र ठेवलं होतं. नव्या सुनेने त्यातली खार शोधायची, असा त्या घरचा खेळ. पुढे पाणी शिरलं, पोथी पेटीत गेली, खेळही गेला. मुलाला, राकेशला, हे ठाऊकही नव्हतं.

"पर उसकी पूँछ थी," मांजी म्हणाल्या. "इतनी बड़ी, पलंग के ऊपर तक."

राकेशने यमुनेवर जायला गाडी सांगून ठेवली होती; मांजींनी ती रद्द करायला सांगितली. "मम्मी, एक गिलहरी के लिए?"

"हाँ. घर में बैठी है, तो नदी में क्यों जाए?"

वीट माझ्या मैत्रिणीकडे, नलिनीकडे गेली. जुने कागद दुरुस्त करणं हे तिचं काम. दमट हवेत ठेवून तिने सावकाश पानं सोडवली. पेटीत ठेवताना विटेवर घातलेला कोरा कागद तिला चिकटून बसला होता; तो निघाला, तर खाली विटेच्या वरच्याच पानाला राणीच्या चित्रातल्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला होता. खार — आरशात दिसावी तशी उलटी. पट्टे होते, पुढचे पाय होते. शेपटीचा मात्र भुगा झाला होता.

म्हणजे मी काढली ती मांजींना आठवणारी खार नव्हती. बंद विटेत ती जशी उरली होती, तशी मी काढली होती... आणि तशी ती तोवर कुणीच पाहिलेली नव्हती.

आजोबा म्हणायचे, योगायोग. नलिनी म्हणते, कोऱ्या जागी पुसट ठसा असणार, तुझ्या नजरेने नकळत टिपला. मी भिंगातून पुष्कळदा बघितलं. ठसा नाही. 

मांजी गेल्या, तुमचे आजोबाही गेले. पोथी मंदिराच्या भांडारात आहे, सगळी पानं एकत्र. राकेशच्या सुनेने लग्नानंतरच्या ज्ञानपंचमीला तिथे जाऊन राणीच्या पुढच्या पानावर ती खार शोधली. माझा कागद माझ्या कपाटात आहे. त्याला रबर लागलेलं नाही.