चढाच्या मापाच्या काठ्या

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, आणि तिला वाडीवर जायचं होतं. वाडी म्हणजे तिचं माहेर, कर्जतकडच्या कोंडाण्याच्या लेण्यांच्या वर, पायवाटेनेच गाठायचं. तिथे तिची मोठी बहीण, माझी मावशी, अंथरुणाला खिळली होती. आमच्याकडे कळंबला निरोप आला तेव्हापासून आईचं एकच, "एकदा तोंड बघून येते."

वाडीतली पोरं म्हणाली, डोली पाठवतो. डोली म्हणजे बांबूला बांधलेली घोंगडी. आजारी माणसाला तिच्यातून रस्त्यापर्यंत उतरवतात.

आई चिडली. "डोलीतून मानूस खाली येतं. म्हायेरी डोलीतून कोन चढतं गं?"

म्हणून कॉलेज सुटल्यावर मी आईसाठी काठ्या घ्यायला कर्जतच्या बाजारात ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानात गेले. आमच्या घरात असलं काही कुणी घेतलेलं नाही. काय विचारायचं तेही मला कळत नव्हतं. आईला हात कोपरात वाकवायला लावून तिथपासून जमिनीपर्यंत सुतळीने माप घेतलं होतं, तेवढं पुढे केलं. लांबी कमी-जास्त करून पिरगाळून घट्ट करायच्या काठ्या आईच्या बोटांना जमल्या नसत्या, म्हणून खटक्याच्या घेतल्या. मूठ बुचाची, म्हणजे कॉर्कची, घामाने न निसटणारी. मिटून पिशवीत मावणाऱ्या, कारण टेंपोतून जायचं होतं.

"दोन्ही वापरायला सांगा," दुकानदार म्हणाला. "चढताना थोड्या आखूड करायच्या, उतरताना लांब. गुडघा उतरतानाच जास्त दुखतो."

चढाच्या पायथ्याशी मी त्या आखूड केल्या. आई चढू लागली. मला खरंच वाटलं नव्हतं, पण ती चढली. ओढ्यापाशी थांबून हसली, "चार पायांची झाले की गं मी!"

तेवढ्यात वरून माणसांचा आवाज आला. डोली येत होती. सकाळी मावशीचा श्वास अडकू लागला होता.

रस्ता लागेपर्यंत डोली जमिनीला टेकवत नाहीत. टेकवली तर माणूस परत वाडीवर येत नाही, असं मानतात. खांदा बदलण्यापुरते ते थांबले. मावशीने डोळे उघडले.

"दोन दोन काठ्या? गुरं राखाया आलीस का गं?"

"तुलाच हाकाया आले," आई म्हणाली.

मावशी हसल्यासारखी वाटली. डोली हलली. घोंगडीबाहेर आलेलं तिचं पाऊल आईच्या हाताला लागलं, तेवढंच.

मी खाली बसून खटके उघडू लागले. "थांब, लांब करू दे. आता उतरायचंय."

"सोड गं! ती चालली बघ."

आई तशीच निघाली, आखूड काठ्यांवर ओणवी होऊन. प्रत्येक वळणाला डोली आणखी पुढे गेलेली दिसायची. एकदा आई ओरडली, "हळू न्या रं!" आणि लगेच, "नको नको, पळा रं, पळा!"

आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा जीप गेली होती. दवाखान्याआधीच मावशी गेली.

दहाव्याला वाडीवर जायचं म्हणून मी काठ्या बाहेर काढल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "आता कुणाकडं जाऊ?"

काठ्या दाराआड उभ्या आहेत, आखूडच. मिटून पिशवीत ठेवाव्यात असं रोज मनात येतं, पण खटक्याला हात लावला की आईने डोलीमागून मारलेली ती हाक आठवते.