बांधाच्या कडेने लाइन

इंग्रजीचा एक साधा शब्द निवडायचा, त्याचे जमतील तेवढे अर्थ गोळा करायचे आणि जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर तक्ता लावायचा, असं काम आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना मे महिन्याच्या सुट्टीसाठी मिळालं होतं. कुणी 'हँड' घेतला, कुणी 'टाइम'. मी 'लाइन' घेतला, सोपा वाटला म्हणून. शब्दकोश उघडला तर पानं संपेनात. भिंगारच्या घरी कपडे वाळत घालता घालता मी अर्थांचे गट पाडले. आखलेली ती रेषा, लिहिलेली ती ओळ, माणसांची ती रांग, कपड्यांची ती दोरी, विजेची ती तार, पोटापाण्याचा तो धंदा. मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि इंग्रजी एकाच शब्दावर भागवते, असं वाक्य तक्त्याच्या डोक्यावर लिहायचं ठरवलं आणि माहेरी, मिरजगावच्या बाजूला, निघाले.

फाट्यावर दादा मोटरसायकल घेऊन उभा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेती तोच बघतो. पिशवी पुढे घेत म्हणाला, "घरी पंख्याची आशा करू नको. सकाळधरनं लाइन न्हाई."

वाटेत टेम्पोवाल्या एकाने हात केला. "आधी उसतोडीला जायचा. आता टेम्पोच्या लाइनीत हाय, बरं चाललंय त्याचं," दादा म्हणाला. पुढे रेशन दुकानासमोर पिशव्यांची लाइन होती, माणसं झाडाखाली. मग तो मागे न बघता म्हणाला, "तुझी लाइन सगळ्यात बेस. सावलीतली."

म्हणजे माझं वाक्य घरी पोचायच्या आतच खोटं ठरलं. आमच्याकडेही आता एकाच शब्दावर भागत होतं. शिवाय वीज गेली की 'लाइन गेली', हा अर्थ माझ्या शब्दकोशात नव्हताच. मी तो मनात टिपून ठेवला.

"आन आपली लाइन अडकलीय," दादा शेवटी म्हणाला. ही पाइपलाइन. हिची हकीकत मात्र त्याने घरी चहा झाल्यावर सांगितली.

दादाची लिंबाची बाग चौथ्या वर्षात आहे. यंदा पहिल्यांदा तिचा बहार धरला होता, फुलं येऊन वाटाण्याएवढी लिंबं लागली होती. चैत्रात बोअर आटला. टँकर आणून झाडं कशीबशी जगवली, पण पानं द्रोणासारखी वळायला लागली होती. आजोबांच्या वेळची सामाईक विहीर ओढ्याकाठी आहे, तिला पाणी आहे, आणि त्या पाण्यात आमचा निम्मा हक्कही आहे. पण विहीर आणि बाग यांच्यामध्ये चुलतभावाचं रान येतं. त्याला आम्ही भाऊ म्हणतो. त्याच्या रानातून पाइप न्यायचा तर त्याची परवानगी हवी.

ती दादाने घेतली होती. गावात चहाच्या टपरीवर भाऊ म्हणाला होता, "टाक की, त्यात काय."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दादाने विहिरीपासून बागेपर्यंत दोरी ताणली आणि तिच्यावरून चुन्याची पांढरी फक्की टाकली. नीट सरळ, रानाच्या मधोमध, तिरकी. भाऊ त्या दिवशी कर्जतला गेला होता. त्याची बायको, म्हणजे आमच्या अक्का, गवत कापायला रानात आल्या तर रान आडवं चिरल्यासारखं दिसलं. आमच्या गावात रानात फक्की दिसते ती जमिनीची सरकारी मोजणी बोलावली की. अक्कांनी तेच धरलं. संध्याकाळी भाऊचा निरोप आला की पाइप टाकायचा नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

"बांधाच्या कडेने का नाही नेली?" मी विचारलं.

"वळसा पडतो. पाइप जास्ती लागतात, कोपऱ्यात वळणाचा एल्बो येतो, प्रेशर पडतं."

"आणि उद्या त्यांना तिथं घर बांधायचं झालं तर?"

"तुला काय, तू पेपर तपासल्यासारखं इचारती," असं म्हणून तो बागेकडे निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांकडे गेले. त्या ओसरीत चिंचा फोडत बसल्या होत्या. मेमध्ये आमच्याकडे घरोघर हेच चालतं. टरफल काढून झालं की ठोकणीने ठोकायचं, चिंचोका उडवायचा, गर वेगळा टाकायचा. मी समोर बसले आणि एक ठोकणी उचलली.

"या वन्सं," अक्का म्हणाल्या. "तुमच्या दादानं धाडलं का आपल्या आपन आलात?"

"चिंचा फोडायला आले."

"मास्तरणीचं हात चिकट हुतील."

"पाणी आहे ना हात धुवायला."

"आमच्याकडं हाय," त्या म्हणाल्या आणि ठोकणी जरा जोरात हाणली.

माझ्या हातून चिंचोके गरात राहत होते, त्या ते काढून टाकत होत्या. मग स्वतःच सुरू झाल्या.

"इचारलं न्हाई असं मी म्हनत न्हाई. इचारलं. पर कुनाला? हेंला. त्या रानात भांगलायला कोन असतं? काढायला कोन असतं? हे कवा वाकलेत का तिथं? मला कुनी इचारलं न्हाई. सकाळी जाऊन बघते तर रानाचे दोन तुकडे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुसली पायानं. निम्मी पुसली, मग पाय दुखाया लागला." हे सांगताना त्यांना हसू आवरेना, मलाही. एक चिंचोका उडून थेट उंबऱ्यापाशी गेला.

मी सरळ विचारलं, "अक्का, कुठून नेली तर तुम्हाला चालेल?"

त्यांनी पदराला हात पुसले. "चला, दावते."

रानात त्या पुढे, मी मागे. मला ते नुसतं नांगरलेलं मोकळं रान दिसत होतं. अक्कांना तिथे सगळं भरलेलं दिसत होतं. चालता चालता त्या सांगत होत्या: इथवर कांद्याचे वाफे येतात, इथं पाट फुटतो, हे नांगराचं तास, पलीकडे उसाच्या सऱ्या, तिकडे चर खणला तर पावसाचं पाणी कुठून उतरणार. माझ्या तक्त्यात 'लाइन'ला असलेले मराठी शब्द सगळे घरातले नाहीतर वहीतले होते. तास, सरी, पाट, चर हे त्यात आलेच नव्हते. मी ते तिथेच मोबाईलवर लिहून घेतले.

"काय लिवता?"

"तुमचे शब्द. शाळेसाठी."

"पोरांना सरी शिकवायची तर इकडं आना. फळ्यावर कशाला."

बांधाच्या कोपऱ्यात त्यांचा शेवगा होता. त्याच्या मुळाला धक्का लावायचा नाही, ही एक अट. गोठ्याशेजारच्या हौदाला एक तोटी द्यायची, ही दुसरी. अक्का रोज दोन गायींसाठी त्याच विहिरीवरून घागरी आणत होत्या. आणि तिसरी, "फक्की मी टाकनार."

मी दादाला तिन्ही अटी सांगितल्या. तो पहिल्या दोनला लगेच तयार झाला. तिसरी ऐकून म्हणाला, "त्यांना दोरी तरी ताणता येती का?"

"तुला आली होती. काय झालं?" मी म्हटलं. मग त्याने फक्कीचं पोतं काढून दिलं.

अक्का फक्कीचं घमेलं कडेवर घेऊन विहिरीपासून निघाल्या. दोरी नाहीच. मूठमूठ सोडत बांधाच्या कडेने चालत राहिल्या, शेवग्यापाशी चांगला वळसा घेतला, हौदाजवळ थांबून एक गोल केला आणि पुढे बागेच्या कुंपणाशी घमेलं पालथं मारलं. दादा मागून बघत होता.

"वाकडी झाली, अक्का."

"मग तुमच्या रानात सरळ करा."

भाऊ एव्हाना येऊन बांधावर बसला होता. दादा त्याला म्हणाला, "तू टपरीवर हो म्हनला हुता ना? मग एवढं कशाला?"

"मी हो म्हनलो तरी हुत न्हाई आन न्हाई म्हनलो तरी हुत न्हाई," भाऊ म्हणाला. "सातबारा माझा, कारभार हिचा. तुला म्हाईत हुतं, तरी टपरीवर इचारलं." पण असं म्हणून त्याने तंबाखूची डबी पुढे केली, आणि दादाने घेतली.

पुढची कामं मी लावून दिली. वळशामुळे पाइप वाढले होते, ते दादाने मिरजगावहून आणले. चर खणायला मशीन आलं. शेवग्याभोवतीचं तेवढं कुदळीने हाताने खणलं, अक्का तिथून हलल्याच नाहीत. दोघा भावांनी सोल्युशन लावून पाइप जोडले. एल्बो कुठे बसवायचा यावरून दोघांची जुंपली, पण ती कामातली भांडणं, जेवायच्या वेळी मिटणारी.

मोटर सुरू करायची त्या दिवशी दुपारी उशिरा वीज आली. भाऊ विहिरीवर स्टार्टरपाशी, दादा बागेत पाइपाच्या तोंडाशी, मी शेवग्याच्या वळणावर सांधा गळतो का बघायला, आणि अक्का हौदावर. मोटर घुमली. सांध्यातून थेंबही आला नाही. मी हात वर केला.

मग बराच वेळ काही नाही. माझा मोबाईल वाजला. दादा. "अगं पानी कुठंय?"

मी हौदाकडे पाहिलं. अक्कांनी तोटी पूर्ण सोडली होती, पाणी धो धो हौदात पडत होतं, दोन्ही गायी माना घालून पीत होत्या.

"अक्का, दादा विचारतोय."

"येतंय म्हनावं. आधी गायी."

मी तसंच सांगितलं. मग तो म्हणाला, "पिऊ दे."

हौद काठोकाठ भरल्यावर अक्कांनी स्वतः तोटी बंद केली, आणि आम्ही दोघी कडेकडेने बागेत गेलो. पाइपातून आधी हवा फसफसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पहिल्या झाडाच्या आळ्यात ते पडलं आणि भेगांमध्ये दिसेनासं झालं. दादा फावडं घेऊन उभा होता. आळं भरून पाणी काठाला लागेपर्यंत तो थांबला, मग वाकून त्याने दुसऱ्या झाडाकडे वाट करून दिली. अक्कांनी खाली पडलेलं एक वाळकं लिंबू उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "वरची राहतील. खालच्या फांद्यांची आशा सोडा."

"वरची राहिली तरी लई झालं," दादा म्हणाला आणि तिसऱ्या झाडाकडे वळला.