ओहोटीची वेळ विचारणारे मामा

तुमच्या धंद्याची सगळी माहिती आज दुपारी दुसऱ्याच्या मशीनवर हलवली, तर संध्याकाळी ती परत कशी मिळवायची हे तुमच्या ऑफिसात कोणाला ठाऊक आहे? एक नाव सांगा. सांगता येत नसेल तर रागावू नका. क्लाउडवर जाण्याबद्दल छातीठोक बोलणारे पुष्कळ लोक मला भेटले, पण हा प्रश्न आधी विचारून मगच पाऊल टाकणारा माणूस साऱ्या नवी मुंबईत मी एकच पाहिला. ते माझ्या आईचे मावसभाऊ, आमचे शिरवण्याचे मामा.

मामांच्या घरची शेती खाडीकाठची, खाऱ्या जमिनीतली. शहर आलं, जमीन गेली. आता मामांचं उरणच्या रस्त्याला गोदाम आहे, कंटेनर ओढणारे ट्रेलर आहेत आणि शिरवण्यात स्वतःच्याच इमारतीच्या तळमजल्यावर ऑफिस आहे. पण डोक्यातली भरती-ओहोटी काही गेली नाही. होडीत बसण्याआधी ओहोटी कधी लागते ते विचारायचं, म्हणजे चिखलात अडकायला नको, ही लहानपणची सवय मामा जगात सगळीकडे वापरतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की वधूवरांआधी मागचा दरवाजा शोधतात. नवीन सोसायटीत पाहुणे म्हणून गेले तर चहा येईपर्यंत जिना बघून येतात. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर चित्र काढून समजावत होते, तर मामा म्हणाले, "आत कसा जाशील ता नको सांगू. भायेर कसा येशील ता सांग." डॉक्टरांनी लहान मुलाला समजवावं तसं पुन्हा पहिल्यापासून समजावलं, आणि मामांनी पुन्हा तेच विचारलं.

ऑफिसच्या मागच्या खोलीत त्यांचा सर्व्हर होता. त्या खोलीचा एसी रात्रंदिवस चालू असायचा, म्हणून मामांची दुपारची झोप तिथेच व्हायची. दसऱ्याला ट्रेलरबरोबर सर्व्हरचीही पूजा व्हायची. एका वर्षी मामांनी इतक्या भक्तिभावाने हळद वाहिली की दुरुस्तीवाल्याने मशीन उघडलं तेव्हा आतला पंखा नवरदेवासारखा पिवळा निघाला. पासवर्डची तऱ्हा तर विचारूच नका. साऱ्या ऑफिसचा पासवर्ड एकच, गावदेवीचं नाव. मी म्हटलं, "मामा, हा तर अख्ख्या गावाला माहीत आहे!" मामा शांतपणे म्हणाले, "म्हनूनच कोनी विसरत नाय."

या सगळ्या कारभाराची राखण संगीताताई करायच्या. खांदेश्वरहून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मशीन अडलं की चालू करणं, रोज संध्याकाळी सगळ्याची नक्कल काढून कपाटात ठेवणं, हे त्यांचं काम. घरात कमावत्या त्या एकट्याच, दोन मुली कॉलेजात.

मग एकदा ऐन गर्दीच्या आठवड्यात सर्व्हर बसला. ट्रेलर बंदराच्या दारात उभे, कोणत्या कंटेनरला कुठे न्यायचं ते कोणाला सांगता येईना. मामांच्या मुलाने, नीलेशने, जाहीर केलं, "पप्पा, आता बस. क्लाउडवर जायचं. सगळं एकदम." दोन दिवसांत एका कंपनीचा तरुण लॅपटॉप घेऊन हजर झाला. मी त्या दिवशी मामांकडे जेवायला गेले होते. कामगार मोर्च्यांची पत्रकं वाटणाऱ्या घरात वाढल्यामुळे मोठ्या कंपनीचा माणूस दिसला की मी आपोआप जीभ परजते. मामांनी मला खुर्ची दिली आणि दटावलं, "बाय, तुजा भाषन जेवल्यावर."

तरुणाने भिंतीवर भराभर चित्रं दाखवली. खर्च कमी, वेग जास्त, आकाशात ढग, ढगात बाण. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओहोटी कवा?"

"सर?"

"उद्या तुजा-माजा पटला नाय, तं माजा सामान मना परत कसा भेटंल? कोनत्या रूपात? किती दिवसात? त्याचं पैसं किती?"

तरुण म्हणाला की सहसा असं कोणी विचारत नाही. "सहसा लोक बुडतात," मामा म्हणाले. मग दुसरा प्रश्न आला. खाडीकाठी समुद्राचं पाणी अडवणारा बांध साऱ्या गावाचा असायचा, पण प्रत्येक घराच्या वाट्याला त्याचा एक तुकडा यायचा. आपल्या तुकड्याला भगदाड पडलं तर पाणी सगळ्यांच्या शेतात, आणि शिव्या आपल्याला. "तर माजा तुकडा कोनता नि तुजा कोनता?"

"सर, सिक्युरिटी पूर्ण आमची."

"पूर्न?"

"म्हणजे... मशीन, इमारत, वीज, ते आमचं. पासवर्ड कोणाला द्यायचा, कोणी काय बघायचं, ते तुमचं."

"आता खरा बोललास!" मामा एवढे खूश झाले की त्याला जेवायलाच थांबवलं. अनेक जाडजूड लेख वाचूनही मला क्लाउडमधली जबाबदारीची वाटणी इतकी स्वच्छ कधी कळली नव्हती.

पण एक चित्र राहिलं होतं. त्यावर लिहिलं होतं की सर्व्हर सांभाळणारी एक जागा आता लागणार नाही. ती जागा म्हणजे संगीताताई. त्या दारातच उभ्या होत्या. काही काम आहे का, विचारायला आलेल्या. त्यांनी भिंतीवरचं वाचलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशाच उभ्या राहिल्या. मी तोंड उघडलं, पण मामांनी हात वर केला.

"संगीता, आत ये. बस."

"असू द्या शेठ, मी नंतर..."

"बस म्हनतो ना." मग तरुणाकडे वळून ते म्हणाले, "बांध उंच केला म्हनून आमच्या गावानं राखनदार काढला नाय. माज्या तुकड्यावर कोन बसनार? तू?"

नीलेश अस्वस्थ झाला. "पप्पा, ताईंना हे जमेल का? सगळं वेगळं आहे."

"तुला ट्रेलर मागं घ्याला जमत व्हता? दोनदा शालंची भिंत पारलीस. मी तुला कामावरून काढला का शिकवला?"

नीलेशनेच मग कराराचा कागद पुढे ओढला. करारात पहिली अट लिहिली गेली: संगीताताईंना कंपनीने शिकवायचं, आणि त्या 'जमतंय' म्हणेपर्यंत जुनं मशीन बंद करायचं नाही.

आणि 'सगळं एकदम'? ते मामांनी कापूनच टाकलं. आधी हजेरी आणि सुट्ट्यांच्या नोंदी हलल्या, म्हणजे चुकलं तर फार तर कोणाची रजा हुकेल. ते महिनाभर चाललं, बिल काय येतं ते कळलं, मग गाड्यांची देखभाल गेली. ग्राहकांची बुकिंगं अगदी शेवटी. प्रत्येक वेळी मामा सगळं परत मागवायचे आणि वेगळ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघायचे. एकदा ड्रायव्हरांच्या लायसन्सचे फोटो परत आलेच नाहीत. मामांनी काम थांबवलं ते फोटो येईपर्यंत. गावदेवीचीही पासवर्डमधून सुटका झाली. ज्याची त्याची किल्ली वेगळी. जुना ड्रायव्हर रुसला, "दादूस, आमच्यावर भरवसा नाय?" मामा म्हणाले, "भरवसा हाय, म्हनून तुजी तुला दिली. एकच असती तं चोरी झाल्यावर सगल्यांवर संशय."

संगीताताई सुरुवातीला रोज भेदरलेल्या यायच्या. एकदा त्यांनी चुकून मामांचंच खातं बंद केलं, मामा सकाळभर स्वतःच्या कंपनीबाहेर राहिले आणि सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले, "बगा, राखन कशी करतं!" हळूहळू हात बसला. आता कोणी काय बघायचं ते त्याच ठरवतात, आणि नीलेशलाही नवी परवानगी हवी असली की ताईंच्या टेबलापाशी उभं राहावं लागतं. एका जागेची 'बचत' झाली असती तर हे टेबल रिकामं असतं. माझ्या मते हीच त्या साऱ्या खटाटोपातली खरी कमाई.

मामा मात्र अलीकडे थोडे हरवल्यासारखे वाटतात. पूर्वी मशीन अडलं की त्यांना फोन यायचे, ते जेवणावरून उठायचे, ओरडायचे, धावायचे. आता कोणी बोलवत नाही. परवा मी गेले होते तेव्हा ते ताईंना हळूच विचारत होते, "आज काय बिगडला का?"

"नाही शेठ, सगळं चालू आहे."

"बरा झाला," म्हणाले, आणि जरा वेळ तिथेच घुटमळले. मग ताईच म्हणाल्या, "शेठ, बसा ना. मी कसं करते ते बघा तरी." मामा खुर्ची ओढून बसले आणि शाळेतल्या पोरासारखे पडद्याकडे बघत राहिले.

तुमच्या ऑफिसातही लवकरच कोणीतरी भिंतीवर ढगाची चित्रं दाखवायला येणार आहे. त्या बैठकीत एक खुर्ची जास्त मांडा. आज तुमचं मशीन जो माणूस सांभाळतो, त्याला आधी आत बोलवा, बसवा, आणि मगच पहिलं चित्र दाखवू द्या.