यादीच्या आधीचे पेढे

शपथविधी हैदराबादला होतो आणि दमतो आम्ही आदिलाबादला. सीमेपलीकडच्या एका मराठी दैनिकाचा मी इथला वार्ताहर. नवं मंत्रिमंडळ येणार म्हटलं की डेस्कवरून फोन: ‘अल्पसंख्याकांची प्रतिक्रिया पाठवा. दोन्ही पाठवा.’ मंत्रिपद मिळालं तर जल्लोष, नाही मिळालं तर नाराजी. मंत्र्यांची यादी येईपर्यंत पानं छपाईला लागलेली असतात, म्हणून दोन्ही बातम्या फोटोसकट आधीच तयार. भाषेनं मीही इथे अल्पसंख्याकच, पण माझी प्रतिक्रिया कोणाला नको असते. असो.

माझा माणूस ठरलेला. उर्दू शाळेचे हेडमास्तर, आमच्या घरामागेच राहतात, मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या शाळेत दोन वर्षांपासून गणिताला मास्तर नाही, पालक पोरांचे दाखले काढून नेताहेत. पोरं अजून घटली तर शाळा बंद. समाजाचा एखादा मंत्री झाला तर निदान आपला अर्ज कोणी वाचेल, एवढीच चाचांची आशा.

यंदा मी पेढे घेऊन गेलो. शेजाऱ्याला पेढा भरवताना हसरा फोटो हवा होता.

“अजून तं काहीच झालं नाही भाऊ. काऊन हासू?”

“दोन्ही लागतात चाचा.”

बिचारे हसले. मग गंभीरही झाले. “मास्तरचं लिहशील ना?” मी लिहिलं, शेवटच्या ओळीत.

यादीत त्यांच्या समाजाचं कोणीच नव्हतं. डेस्कवर कोणीतरी घाईत चुकीची फाइल उचलली आणि सकाळी पेपरात चाचा पेढा भरवताना झळकले. वर मथळा: ‘मंत्रिपद मिळाल्याने समाजात आनंद’. मास्तरची ओळ जागेअभावी कापलेली. मी फोन केला तर डेस्क म्हणालं, “उद्या दोन ओळींचा खुलासा टाकू, एवढं काय त्यात!” भांडायचं त्राणही उरलं नव्हतं.

शरम वाटत होती, तरी शाळेत गेलो. वाटलं, चाचा चिडतील, बरं होईल. ते दाखल्यांचं पुस्तक कपाटात ठेवत होते.

“खेड्यावरचे तीन बाप दाखले न्यायले आले होते,” ते म्हणाले. “फोटो पाहून म्हणे, आपला मंत्री झाला, आता मास्तर येते, राहू द्या पोरं. मी काही बोलायच्या आत हासत निघून गेले.”



चाचांनी कपाटाला कुलूप लावलं. “लिहिलं तू. आता त्याईले सांगालेबी तूच चाल.”