मुंजाजींची चिकन चिली

१९९७ सालच्या उन्हाळ्यात नीलाबाईंचा उजवा हात हापशावर घसरून मोडला आणि कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. त्याच आठवड्यात सरिताचं पत्र आलं. त्यांची ही एकुलती एक लेक नांदेडला नर्सिंगच्या वसतिगृहात राहायची.

पत्र मुंजाजींनी मोठ्यानं वाचलं. वसतिगृहातल्या पोरी चिकन चिलीच्या गोष्टी सांगत होत्या, तेव्हा सरितानं सांगून टाकलं होतं, आमच्या वसमतच्या घरी बाबाच करतात. आता खुशनुमा नावाची मैत्रीण रविवारी जेवायला येणार होती. "आई, मी तर ते कधी चाखलंसुद्धा न्हाई. तुला येते का करता?"

"ह्या हातानं?" नीलाबाई हताश होऊन म्हणाल्या.

"मी करतो," मुंजाजी म्हणाले.

नीलाबाईंना हसू आवरेना. ड्रायव्हर माणूस. सोळा वर्षं एसटी चालवली, पण घरात चहाचं आधणसुद्धा कधी ठेवलं नव्हतं. हात मोडल्यापासून शेजारणीच्याच भाकरी खाणं चाललं होतं.

पण मुंजाजी मनावर घेऊन बसले. त्यांची गाडी नांदेडला अर्धा तास थांबायची. स्टँडाबाहेर धर्मसिंगची चायनीजची गाडी होती. चार दिवस ते तिथं खाकी कपड्यातच उभे राहिले आणि जेवणाच्या वेळेत नुसतं बघत राहिले. शेवटी धर्मसिंगनंच विचारलं, "काका, खायचं न्हाई, मग काय बघून राहिले?" मुंजाजींनी पोरीचं पत्रच काढून दाखवलं. त्यानं सगळं समजावून सांगितलं आणि काळ्या सॉसची अर्धी बाटली कागदात गुंडाळून दिली.

शनिवारी दुपारी तालीम झाली. नीलाबाई स्टुलावर बसून बघत होत्या.

"हे खोकल्याचं औषध व्हय?"

"सोया सॉस हाय."

मुंजाजींनी मक्याच्या पिठात पाणी जास्त ओतलं. कोंबडीचे तुकडे तेलात पडले ते एकमेकांना धरूनच. झाऱ्यावर एकच गोळा वर आला. मुंजाजींचा चेहरा उतरला. नीलाबाईंनी कधी मक्याचं पीठ हाताळलं नव्हतं, पण भजी आयुष्यभर तळली होती. "पीठ घट्ट ठेवा. अन् एकेक सोडा, गर्दी करू नका."

रविवारी सकाळी जलालुद्दीनच्या दुकानातून मुंजाजींनी कोंबडी आणली, हाडं काढून. स्टोव्हला एवढा पंप मारला की निळी ज्योत घों घों करायला लागली. तुकडे दोनदा तळले. मग लसूण, हिरवी मिरची, कांद्याच्या पाकळ्या, शिमला मिरची.

"अहो, कच्चीच न्हाई का राहिली ती? पाहुण्यायला असं वाढायचं?"

"तिच्यातच मजा हाय म्हणे."

पोरी आल्या. खुशनुमानं पहिला घास घेतला आणि डोळे मोठे केले. "चाचा, गाडेवालेसे भी अच्छा!"

सरिताचा घास मात्र हातातच राहिला. मांडीला लागलेलं पीठ, कपाळावरचा घाम, बोटावरचा तेलाचा फोड, असे बाबा तिनं कधी पाहिले नव्हते. तिचे डोळे भरून आले. "खुशनुमा, मी खोटं बोलले होते गं. बाबा हे आताच शिकले. माझ्यासाठी."

मग मुंजाजी म्हणाले, "खोटं कुठं? आता तर बराबर खरं झालं. वाढ तिला अजून."

प्लास्टर निघालं, तरी ती कढई मुंजाजींचीच राहिली. सरिता सुट्टीला आली की गल्लीभर लसणाचा वास सुटायचा. तिच्या लग्नाआधी पाहुणे बघायला आले, तेव्हाही मुंजाजींनी तेच रांधलं आणि होणाऱ्या जावयानं तीनदा मागून घेतलं.

२००५ मध्ये मुंजाजी निवृत्त झाले. तोवर वसमतच्या स्टँडापाशीही चायनीजच्या गाड्या लागल्या होत्या. सरिताच्या सासरहून, हिंगोलीहून आलेली नातवंडं तिकडंच ओढायची. मुंजाजी त्यांना घेऊन जायचे, गाडीवाल्याला शाबासकी द्यायचे. हळूहळू घरची बाटली सुकून गेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण नीलाबाईंनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दुपारी स्वयंपाकघरात गेलं की स्टोव्हची ती घों घों आठवायची.

एका रविवारी त्यांनी स्वतःच सॉसची नवी बाटली आणून ओट्यावर ठेवली.

"कोण येऊन राहिलं?" मुंजाजींनी विचारलं.

"कोणी न्हाई. आपण दोघंच. शिमला मिरची मी चिरते."