जिन्याखालची बाई

रंकाळ्याजवळ जुन्या डिस्क विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. डिस्क तो शर्टाच्या टोकानं मधून कडेला सरळ पुसायचा, गोल कधीच नाही. एकदा त्याच्या हातात भुताचा सिनेमा पाहून मी म्हणालो, "हा मोबाईलवर तीनदा पाहिलाय."

"मग जिन्याखालची बाई दिसली न्हवं?"

"कुठली बाई?"

तो हसला नाही. "नेटवर काळ्या रंगाचा नुसता चिखल हुतोय, पावणं, त्यातलं काय दिसत न्हाई. अंधार बगायचा तर डिस्कवर बगा की."

घरी येऊन भर दुपारी पडदे ओढले, डिस्क लावली. बाई पहिल्या प्रसंगापासून तिथंच उभी होती.

आमच्याही घरात जिना आहे. वीस वर्षं मी त्याच्याखाली न बघता चपला काढतोय.